कोपरात लिगामेंट नसलेला पिचर: आर. ए. डिकी आणि मायनर लीगमधली चौदा वर्षं

१९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, टेक्सस रेंजर्स या अमेरिकन बेसबॉल क्लबने पहिल्याच फेरीत, अठराव्या क्रमांकावर, टेनेसी विद्यापीठाचा एक उजव्या हाताचा पिचर (चेंडू फेकणारा) निवडला. रॉबर्ट ॲलन डिकी, वय २१, सगळे त्याला आर. ए. म्हणत. करारावर सही करताना मिळायची रक्कम ठरली होती ८ लाख १० हजार डॉलर. काही आठवड्यांनी प्रत्यक्ष सही झाली ती ७५ हजारांवर. ठरलेल्या रकमेचा दहावा हिस्साही त्याच्या हाती आला नाही. या मधल्या काळात त्याचा वेग कमी झाला नव्हता, फेक बिघडली नव्हती, त्याला दुखापतही झाली नव्हती. फक्त एक फोटो छापून आला होता.

अटलांटा ऑलिंपिकसाठी निवडलेल्या अमेरिकन संघातले पाच पिचर 'बेसबॉल अमेरिका' या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर एका ओळीत उभे होते. चौघांचे हात सरळ खाली सुटलेले, डिकीचा उजवा हात मात्र कोपरात किंचित वाकून वेगळ्याच कोनात लोंबत होता. रेंजर्सच्या एका ट्रेनरच्या नजरेला ते खटकलं आणि त्याने कोपराची तपासणी करायला सांगितली. निदान असं निघालं की पूर्वी कोणी पाहिलंच नव्हतं: डिकीच्या उजव्या कोपरात अल्नर कोलॅटरल लिगामेंटच नव्हतं. ते ताणलेलं किंवा फाटलेलं नव्हतं, मुळात जागेवरच नव्हतं. जन्मापासून नव्हतं की लहानपणी झिजून गेलं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. दाराची मूठ फिरवतानासुद्धा या माणसाला कळ यायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि हा माणूस ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास चेंडू फेकत होता.

पिचरच्या कोपरात दंडाचं हाड आणि पुढच्या हाताचं हाड आतल्या बाजूने जखडून ठेवतं ते हेच लिगामेंट. जोरात फेकताना सगळा ताण त्याच्यावर येतो. ते फाटलं की पूर्वी कारकीर्द तिथेच संपायची. सप्टेंबर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध काढून बसवला आणि हे चित्र बदललं. डिकीचा जन्म त्यानंतर साधारण महिन्याभराने, २९ ऑक्टोबर १९७४ चा. ज्या भागाच्या दुरुस्तीवर पुढे शेकडो पिचरांची पोटं चालली, तो भागच याच्याकडे नव्हता.

रेंजर्सला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. लाखो डॉलर मोजताना क्लबने वैद्यकीय अहवाल पाहणं रास्तच होतं. अशा कोपराचा एकही पूर्वानुभव कोणाकडे नव्हता, त्यामुळे धोका किती हे मोजायला कसलाही आधार नव्हता. आधार नसेल तिथे व्यवस्था सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरून किंमत लावते. त्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर मात्र हा फार मोठा घाव होता. ड्राफ्टचा नियम असा की ज्या क्लबने निवडलं त्याच्याशीच बोलणी करायची, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाता येत नाही. आता सगळ्या क्लबांना त्याच्या कोपराची गोष्ट कळलेली होती. त्याने ७५ हजार घेतले.

## घर

हे पैसे त्याच्यासाठी काय होते, ते घर पाहिल्याशिवाय कळत नाही. डिकी टेनेसीतल्या नॅशव्हिलचा. आईवडील अगदी तरुण वयात संसाराला लागलेले, पुढे वेगळे झाले. आईला दारूचं व्यसन होतं. घरात पैशांची चणचण कायमचीच. वयाच्या आठव्या वर्षी त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाले, आधी सांभाळायला ठेवलेल्या किशोरवयीन मुलीकडून, नंतर एका मोठ्या मुलाकडून. हे त्याने वीसहून अधिक वर्षं जवळपास कोणालाच सांगितलं नाही, आणि २०१२ मध्ये स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलं. किशोरवयात तो कधी कधी रिकाम्या पडलेल्या घरांमध्ये शिरून रात्र काढत असे.

त्याला बाहेर काढलं ते नॅशव्हिलमधल्या माँटगोमेरी बेल अकॅडमी या मुलांच्या शाळेने. तिथे त्याला खेळ मिळाला आणि पुस्तकंही मिळाली. १९९३ मध्ये शाळा संपताना डेट्रॉइट टायगर्सने त्याला दहाव्या फेरीत निवडलं होतं, पण तो टेनेसी विद्यापीठात गेला आणि इंग्रजी साहित्य शिकला. अटलांटाला अमेरिकन संघाने कांस्यपदक मिळवलं, त्यात तो होता. कोपराची बातमी आली ती या चढत्या काळात.

## मायनर लीग म्हणजे काय

आपल्याकडे खेळाडू राज्य संघटनेकडून रणजी खेळतो आणि देशाच्या निवड समितीकडे डोळे लावून बसतो. अमेरिकेत मायनर लीगचा खेळाडू पहिल्या दिवसापासून वरच्या क्लबच्या पगारावर असतो. गावोगावचे छोटे संघ त्या क्लबांशी जोडलेले. खाली रूकी, मग ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए आणि वर मेजर लीग. कोणी कुठे खेळायचं ते क्लब ठरवतो, आज इथे तर उद्या तिथे. लांबच लांब बसप्रवास, स्वस्तातली मोटेलं, एका खोलीत चारचौघं. पगार फक्त हंगामातल्या महिन्यांचा, आणि १९९० च्या दशकात खालच्या पायऱ्यांवर तो महिन्याला हजार डॉलरच्या आतच असायचा. हंगाम संपला की पोरं मिळेल ते काम करत. या खेळाडूंची संघटना उभी राहून तिचा पहिला सामूहिक करार व्हायला २०२३ उजाडलं. त्या करारातही ट्रिपल-एचं किमान वेतन वर्षाला ३५ हजार ८०० डॉलर एवढंच ठरलं.

अशा ठिकाणी सहीच्या वेळची रक्कम म्हणजे पुढच्या चार-पाच वर्षांचं घरभाडं. तिच्यावर आणखी एक गोष्ट अवलंबून असते, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ज्याच्यावर क्लबने आठ लाख ओतलेत त्याला चार वेळा अपयशी व्हायची मुभा मिळते, कारण त्याच्यात क्लबचा पैसा अडकलेला असतो. ७५ हजारांच्या खेळाडूच्या खात्यात ती मुभा नसते.

डिकीने १९९७ मध्ये फ्लोरिडातल्या शार्लटच्या हाय-ए संघापासून सुरुवात केली. १९९९ मध्ये डबल-ए टल्सा, तिथून ट्रिपल-ए ओक्लाहोमा. मेजर लीगमध्ये पहिला सामना २२ एप्रिल २००१ रोजी. त्या मोसमात तो चार सामने खेळला आणि परत ओक्लाहोमाला आला. २००२ पूर्ण ओक्लाहोमात. २००३ मध्ये रेंजर्सकडून त्याच्या नावावर ९ विजय आणि ८ पराभव, पण नऊ डावांमागे धावा देण्याची सरासरी पाचाच्या वर. २००४ मध्ये ती आणखी चढली. संघाला कोणी मिळत नसेल तेव्हा बोलवायचा आणि मिळाला की परत पाठवायचा, अशी त्याची जागा ठरून गेली. लिगामेंट नसलेला हात आश्चर्यकारक टिकला होता, पण वेग वर्षागणिक उतरत चालला होता.

## तिशीतलं वळण

या प्रकरणाचा गाभा माझ्या मते २००५ मध्ये आहे. डिकीकडे एक विचित्र चेंडू होता, त्याला तो 'द थिंग' म्हणायचा. रेंजर्सचे व्यवस्थापक बक शोवॉल्टर आणि पिचिंग प्रशिक्षक ओरेल हर्शायझर यांनी त्याला बसवून स्पष्ट सांगितलं: आहे त्या फेकीवर तुझं भविष्य नाही. तो चेंडू मुळात नकलबॉलच आहे, पूर्णवेळ नकलबॉलर हो.

क्रिकेटवाल्यांना नकलबॉल ठाऊक आहे. २०११ च्या विश्वचषकात आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने तो वापरला आणि भले भले फसले. पण झहीरच्या हातात तो अधूनमधून टाकायचा संथ चेंडू होता. बेसबॉलमधला नकलबॉलर जवळपास प्रत्येक चेंडू तसाच टाकतो. तर्जनी आणि मधलं बोट यांची नखं शिवणीच्या मागे चामड्यात रुतवायची, मनगट ताठ ठेवायचं आणि चेंडू न फिरवता पुढे ढकलून द्यायचा. साधा वेगवान चेंडू पिचरपासून बॅटरपर्यंतच्या साडेसाठ फुटांत पंधरा-सोळा गिरक्या घेतो. नकलबॉलने एखादीच घ्यावी, त्याहून कमी घेतली तर उत्तम. गिरकी नसली की १०८ दुहेरी टाक्यांची शिवण हवेला कधी एका बाजूने अडवते, कधी दुसऱ्या, आणि चेंडू वाटेतच दिशा बदलतो. कुठे वळणार हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) त्यासाठी मोठा मिट, म्हणजे हातमोजा, घेऊन बसतो, तरी चेंडू निसटतात. आणि गिरकी जरा जास्त झाली की तोच चेंडू संथ, सरळ, फटक्यासाठी वाढून ठेवलेला.

त्यामुळे नखाला फार महत्त्व येतं. नख लांब राहिलं तर वाकतं आणि चेंडूला गिरकी देतं, फार कापलं तर पकड जाते. डिकी कानस जवळ बाळगायचा आणि नखांना कायम आकार देत बसायचा. नख तुटलं की खेळाचा खोळंबा.

शिकायचं तरी कोणाकडे? मेजर लीगमध्ये हा चेंडू टाकणारे त्या वेळी बोटांवर मोजण्याएवढेही नव्हते, आणि क्लबांच्या नेहमीच्या प्रशिक्षकांना त्यातलं काही कळत नव्हतं. तो कॅलिफोर्नियात चार्ली हफकडे गेला. हफ स्वतः मायनर लीगमध्ये हाच चेंडू शिकून वर आलेला, २१६ विजय मिळवून वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत टिकलेला. त्याने बोटांची जागा बदलली, शरीराची हालचाल आखडती केली. पुढे ३१८ विजयांचा फिल नीक्रो आणि बॉस्टनचा टिम वेकफील्ड यांनीही डिकीला वेळ दिला. २००८ मध्ये डिकी सिएटलकडून खेळत होता आणि वेकफील्ड प्रतिस्पर्धी संघात होता. तरी त्याने आपला सराव याला जवळून बघू दिला, शंकांची उत्तरं दिली. एरवी पिचर आपली पकड जिवापाड जपतात. नकलबॉलवाल्यांची जमात इतकी लहान आहे की ते एकमेकांना जगवतात. आपल्या गाण्याच्या घराण्यांत जे चालतं, तेच इथे चालतं: विद्या लिहून ठेवता येत नाही, समोर बसून घ्यावी लागते.

## सहा होम रन

६ एप्रिल २००६ रोजी रेंजर्सने नव्या डिकीला पहिली संधी दिली. समोर डेट्रॉइट. साडेतीन डावही पूर्ण झाले नाहीत आणि त्याला सहा होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, बसले. आधुनिक बेसबॉलमध्ये एका सामन्यात एका पिचरला यापेक्षा जास्त होम रन बसलेले नाहीत. त्याला लगेच ओक्लाहोमाला परत पाठवलं गेलं, आणि रेंजर्सकडून तो मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच खेळला नाही.

वेकफील्डलाही २००४ मध्ये याच डेट्रॉइटने एका सामन्यात सहाच होम रन मारले होते, आणि बॉस्टनने तो सामना जिंकला होता. वेकफील्डची जागा पक्की होती, त्यामुळे ते एका दिवसाचं अपयश ठरलं. डिकीची जागाच नव्हती, त्यामुळे तोच आकडा त्याच्यासाठी निकाल ठरला. मघाशी मुभेबद्दल जे लिहिलं, त्याचा याहून स्वच्छ पुरावा मला देता येणार नाही.

पुढच्या वर्षी तो मिल्वॉकीच्या ट्रिपल-ए संघात, म्हणजे स्वतःच्याच गावी, नॅशव्हिलला होता. संघ ओमाहाला गेला असताना, सगळ्या खेळाडूंच्या डोळ्यांदेखत, त्याने मिझुरी नदी पोहून पार करायचं ठरवलं. प्रवाहाने त्याला खेचलं, दम संपला, तो बुडता बुडता वाचला. ग्रँट बॅलफर या सहकाऱ्याने हात देऊन वर ओढलं. दोनतीन मुलांचा बाप असलेला, तिशी उलटलेला माणूस असं का करतो? डिकीने नंतर लिहिलं आहे की त्या काळात तो आतून पार खचला होता. याच सुमारास त्याने समुपदेशकाकडे जाऊन लहानपणाबद्दल बोलायला सुरुवात केली होती. त्या हंगामात त्याने १३ सामने जिंकले, ६ हरले आणि पॅसिफिक कोस्ट लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. नदीमुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. चेंडू हातात बसायला दोन वर्षं लागली होती आणि ती आता पूर्ण झाली होती, एवढं मात्र दिसतं.

तरीही वाट सरळ नव्हतीच. २००८ मध्ये सिएटलकडून एकाच डावात चार वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरलाही न सापडलेले चेंडू, असा नकोसा विक्रम त्याने गाठला. २००९ मिनेसोटात. बायको-मुलांनी दर वर्षी बिऱ्हाड हलवायचं, नवी शाळा, नवं भाड्याचं घर.

## बफेलो, एप्रिल २०१०

पस्तिशीत त्याने न्यूयॉर्क मेट्सशी मायनर लीगचाच करार केला आणि ट्रिपल-ए बफेलोला गेला. २९ एप्रिल २०१० रोजी डरॅमविरुद्ध पहिल्याच बॅटरने त्याला हिट मारली, म्हणजे फटका मारून बेस गाठला. त्यानंतरचे सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर, म्हणजे नऊ डावांचा पूर्ण सामना, त्याने ओळीने बाद केले. मे महिन्यात मेट्सने वर बोलावलं. त्या मोसमात ११ विजय, ९ पराभव आणि सरासरी २.८४. जानेवारी २०११ मध्ये दोन वर्षांचा ७८ लाख डॉलरचा करार झाला. १९९६ मध्ये हातून गेलेली रक्कम अशी जवळपास दहा पट होऊन आली, पंधरा वर्षं उशिरा.

त्याने नकलबॉलमध्ये एक बदल आणला होता. हफ किंवा वेकफील्डचा चेंडू ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास तरंगत यायचा. डिकी तो १२०-१३० च्या वेगाने टाकत होता, आणि वेग कमीजास्तही करत होता. वेगवान पिचर म्हणून घालवलेली आठ-नऊ वर्षं इथे कामी आली. तो मुळापासून नकलबॉलर असता तर हा चेंडू कदाचित जन्मलाच नसता.

२०१२ मध्ये तो ३७ वर्षांचा होता. जूनमध्ये लागोपाठ दोन सामन्यांत त्याने फक्त एकेक हिट दिली. मोसमाअखेर २० विजय, ६ पराभव, सरासरी २.७३, तीन स्ट्राइकवर बाद केलेले २३० बॅटर, आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारं साय यंग पारितोषिक. नकलबॉलरला ते त्याआधी कधीच मिळालं नव्हतं, नीक्रोलाही नाही.

## मुंबईचा धागा

त्या मोसमाआधी, जानेवारी २०१२ मध्ये, डिकी किलिमांजारो चढला. पैसे गोळा केले ते मुंबईच्या कामाठीपुऱ्यात देहविक्रीच्या जाळ्यातून मुली आणि बायकांना सोडवणाऱ्या बॉम्बे टीन चॅलेंज या संस्थेसाठी, एक लाख डॉलरहून अधिक. मेट्सने लेखी कळवलं होतं की डोंगरावर दुखापत झाली तर करार रद्द होऊ शकतो. वर्षाचे चाळीस लाखांहून जास्त डॉलर पणाला होते. पंधरा वर्षं पगाराच्या मागे फिरलेल्या माणसाने ही जोखीम घेतली, ती कशासाठी हे त्याच्या आठव्या वर्षाची हकीकत वाचलेल्या कोणालाही कळेल. पुढच्या जानेवारीत तो दोन मुलींना घेऊन स्वतः मुंबईत आला. आपल्याकडच्या क्रीडापानांवर त्याला याहून जास्त जागा मिळायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

## चिकाटीच्या पलीकडे

डिकीची गोष्ट बहुतेक वेळा चिकाटीची म्हणून सांगितली जाते. चिकाटी होतीच. पण ट्रिपल-एमध्ये दहा दहा वर्षं घासणारे चिवट खेळाडू शेकड्यांनी असतात आणि त्यांची नावंही कोणाला माहीत होत नाहीत. डिकी वेगळा ठरला, कारण तिशीत त्याने स्वतःची ओळख असलेली फेक टाकून दिली आणि नवशिका व्हायची तयारी दाखवली. ते शक्य झालं कारण त्याला खरं सांगणारे दोन प्रशिक्षक भेटले, हातचं न राखता शिकवणारे तीन जाणते भेटले, आणि पडला तेव्हा उतरायला ट्रिपल-ए नावाची एक पायरी होती. यातलं एकही नसतं तर सहा होम रनची ती रात्र त्याची शेवटची ठरली असती. ज्या मायनर लीगने त्याला तुटपुंज्या पगारावर झिजवलं, तिनेच त्याला चुकायला जागाही दिली, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

डिसेंबर २०१२ मध्ये टोरंटोने त्याला घेतलं, बदल्यात नोआ सिंडरगार्डसारखे उमदे तरुण खेळाडू मेट्सला दिले, आणि डिकीच्या करारात दोन वर्षं वाढवून २ कोटी ५० लाख डॉलर कबूल केले. कोपराचा अहवाल तोच होता. पण नकलबॉल फेकताना कोपरावर वेगवान चेंडूइतका ताण येत नाही, त्यामुळे १९९६ मध्ये ज्याची भीती घातली गेली तो प्रश्न आता तेवढा उरला नव्हता. २०१३ ते २०१५ ही तिन्ही वर्षं त्याने दरवर्षी दोनशेहून अधिक डाव टाकले. शेवटचा मोसम अटलांटाकडून, २०१७ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, १९० डाव. मेजर लीगमध्ये एकूण १२० विजय, ११८ पराभव.